न तपासता पास केलेला शब्द

आमच्या बंडूमामांना इंग्रजी येत नाही, पण इंग्रजीतली विशेषणं येतात. ऐकणाऱ्याला हे खोटं वाटतं. मी जबलपूरमध्ये राइट टाउनच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते, त्यामुळे मला तर तो माझा अपमानही वाटतो. ‘मी काल बाजारात गेलो’ एवढं साधं वाक्य मामांना इंग्रजीत सांगता येणार नाही. पण ‘टॅसिटर्न’ कोणाला म्हणायचं आणि कोणाला म्हणायचं नाही, हे ते झोपेतून उठवलं तरी सांगतील. त्यांना एकोणसत्तर विशेषणं येतात. क्रियापद एकही नाही.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ, बंडू भोयर, मुक्काम जबलपूरच्याच रांझी भागात. संरक्षण खात्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं एक्झामिनर होते. मशीनवरून उतरलेला भाग हातात घ्यायचा, त्याच्या भोकात गेज घालून पाहायचं, बरोबर असला तर पुढे पाठवायचा, नसला तर लाल रंगाचा ठिपका लावून बाजूला टाकायचा. गेजला दोन टोकं असतात. एक गो, दुसरं नो-गो. गो आत गेलं पाहिजे, नो-गो आत जाता कामा नये. दोन्ही गेली तर भोक सैल, माल रद्द. आयुष्यभर हेच केलेल्या माणसाला जगात पास आणि रिजेक्ट याखेरीज तिसरा प्रकार असतो हे पटत नाही. मामींच्या भाजीलाही ते पासच म्हणतात. रिजेक्ट म्हणायचं धाडस त्यांनी लग्नानंतर एकदाच केलं होतं, आणि त्या संध्याकाळी ते कॅन्टीनमध्ये जेवले.

विशेषणांचं खूळ निरोपसमारंभातून सुरू झालं. कोणी रिटायर झालं की त्यांच्या सेक्शनमध्ये हार, समोसे, भाषणं, मग ढोलताशासकट त्याला उघड्या जीपमधून घरी पोचवायचं, ही रीत. त्याआधी अभिनंदनपत्र वाचतात. पत्र हिंदीत असतं, पण मधोमध एक भारदस्त इंग्रजी विशेषण लागतंच. ते नसलं तर माणसाला वाटतं, आपण अर्धवटच रिटायर झालो. पूर्वी हे पत्र जो तो लिहायचा आणि सगळ्यांच्या वाट्याला ‘सिन्सिअर’ नाहीतर ‘हार्डवर्किंग’ यायचं. एकदा मामांनी एका दिवसात दोन माणसांना एकच ‘सिन्सिअर’ मिळालेलं पाहिलं. त्यातला एक जेवणाच्या सुट्टीनंतर रोज झोपायचा. मामांचं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी जाऊन एक जाडजूड डिक्शनरी आणली.

तेव्हापासून शब्दांनाही गेज लागलं. शब्द माणसावर घालून पाहायचा. बसला तर गो झालं. मग तोच शब्द शेजारच्या खुर्चीवरच्या माणसावर घालून पाहायचा. तिथेही बसला तर शब्द सैल, रद्द. मामांच्या डिक्शनरीत ‘ऑनेस्ट’, ‘सिन्सिअर’, ‘डेडिकेटेड’ या सगळ्यांपुढे लाल ठिपके आहेत. मी एकदा म्हटलं, “मामा, ऑनेस्ट काहून रद्द?” तर म्हणाले, “बाई, तो कोणालाही बसते. ढिला आहे.”

या पद्धतीत एकच धोका होता, तो म्हणजे खरेपणा. शेजारी राहणारे धनेशभाऊ रिटायर झाले तेव्हा मामांनी त्यांना ‘गॅरुलस’ दिला, म्हणजे बडबड्या. धनेशभाऊ सकाळी पेपर मागायला आले तर दुपारी पेपर न घेताच जातात, इतकं बोलतात. शब्द अगदी चपखल होता. मोठ्या स्पीकरवरून तो वाचला गेला, टाळ्या झाल्या. धनेशभाऊ इतके खूश झाले, की त्यांनी घराच्या फाटकावरच्या पाटीत नावाखाली तो रंगवून घेतला. अजून आहे. पोस्टमन त्याला डिग्री समजतो.

शब्द नुसता सापडून भागत नाही, तो वापरून मुरवावा लागतो, असंही मामांचं म्हणणं. म्हणून समारंभाआधी महिनाभर तो शब्द घरात चालायचा. ‘टॅसिटर्न’च्या महिन्यात त्यांची स्कूटर टॅसिटर्न झाली, कारण ती सुरू होईना. मी सांगितलं, “मामा, हा शब्द माणसासाठी. कमी बोलणाऱ्या माणसासाठी.” मामा म्हणाले, “मग स्कूटर काय बोलून राहिली का?” अशा वेळी मी चहा मागते.

दोन वर्षांपूर्वी मामा स्वतः रिटायर झाले. त्यांचं पत्र सेक्शनच्या नव्या पोरांनी मोबाइलवर पाच मिनिटांत तयार केलं आणि त्यांना ‘डायनॅमिक’ म्हटलं. मामांनी स्टेजवर हसून हात जोडले, घरी आणून ते पत्र फ्रिजच्या मागे भिंतीकडे तोंड करून ठेवलं. पण लोकांचं त्यांच्याकडे येणं थांबलं नाही. कोणाचे वडील रिटायर होतात, कोणाची आत्या, सगळे रांझीला येऊन शब्द घेऊन जातात.

या जानेवारीत अनसूयामामींची रिटायर व्हायची वेळ आली. मामी रांझीतल्याच महिला मंडळाच्या बालवाडीत एकोणतीस वर्षं बाई होत्या. मंडळाच्या अध्यक्ष पुष्पाताई घरी आल्या, एकतीस तारखेला निरोप ठरला म्हणाल्या, आणि मामांकडे वळल्या. “भोयरजी, पत्र तर तुम्हीच लिहाल. शब्द जोरदार पाहिजे बरं.”

मामांनी एरवी आठ-आठ दिवस लावले असते. या वेळी पुष्पाताईंचा चहा संपायच्या आत शब्द ठरला. संध्याकाळी मला फोन. “प्रणोती, इन्डिफॅटिगेबल. अर्थ सांग.”

“न थकणारा. न थकणारी. कितीही काम केलं तरी दमत नाही असं माणूस.”

“बस. हाच.”

मी चिडवलं, “गेज लावलं का?”

“घरच्या मालाला काय गेज लावायचं, बाई? छत्तीस वर्षं पाहून राहिलो.”

मला तेव्हा थांबवता आलं असतं. पण मीही काय केलं, तर त्यांच्याकडून शब्दाचा उच्चार चार वेळा घोटवून घेतला. मास्तरीण ती मास्तरीणच.

पुढचे दोन आठवडे रांझीच्या त्या घरात सगळं इन्डिफॅटिगेबल होतं. भुंकणारा कुत्रा इन्डिफॅटिगेबल, मटारवाला इन्डिफॅटिगेबल, धनेशभाऊ तर होतेच. आणि मजा म्हणजे या वेळी मामांची वाक्यं जवळजवळ बरोबर येत होती. मी त्यांना शाबासकी दिली. त्यांनी ती घेतली.

मग आला वाचनाचा रविवार. पत्र समारंभाआधी घरच्यांना वाचून दाखवायची त्यांची सवय आहे. मामी दारासमोरच्या उन्हात मटार सोलत बसल्या होत्या. थंडीत जबलपूरमध्ये जो बसतो तो मटार सोलतो. मलाही एक ढीग मिळाला. मामांनी चष्मा लावला, घसा साफ केला आणि वाचलं. ‘श्रीमती अनसूया भोयर एक इन्डिफॅटिगेबल व्यक्तित्व हैं’ इथे ते थांबले, आमच्याकडे पाहिलं. मी बोटांत मटार धरूनच टाळ्या वाजवल्या.

मामींनी मान वर केली नाही. “त्याचा अर्थ काय म्हणाले तुम्ही?”

“न थकणारी,” मामा खुशीत म्हणाले.

मामींनी दोन शेंगा सोलल्या. तिसरी हातात धरली. “खोटं आहे.”

“काहून?”

“मी थकते.”

मामांना वाटलं ही लाजते आहे. ते समजावायला लागले की तारीफ आहे, अशी तारीफ अख्ख्या रांझीत कोणाची झाली नाही. मामींनी शेंग खाली ठेवली.

“रोज थकते मी. मंगळवारी तर जास्तच, त्या दिवशी मदतनीस नसते. तुम्हाला माहीत नाही म्हणजे मी थकत नाही का? धनेशभाऊंना तुम्ही खरा शब्द दिला. मला अर्थ माहीत आहे त्याचा, या पोरीनं सांगितला. त्यांना खरा, आणि मला खोटा काहून?”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी मटारांकडे पाहिलं.

“आणि ऐका,” मामी म्हणाल्या, “हा कागद तिथे वाचला, तर मी स्टेजवर चढणार नाही. लोक म्हणतील भोयरबाई थकतच नाही, आणखी दोन वर्षं राहू द्या. मी घरी येऊन झोपेन.”

आवाज चढलेला नव्हता. त्यामुळे जास्त लागलं. एकोणसत्तर माणसांपैकी कोणीही मामांचा शब्द परत केला नव्हता, आणि सत्तराव्यानं तो दोन शेंगांत परत केला होता. मामा उठून आत गेले. जेवणाच्या वेळी भाजीला पासही म्हणाले नाहीत.

मला वाटलं होतं, दोन दिवस फुगून बसतील. पण एक्झामिनरचा राग वेगळा असतो. त्याचा माल परत आला की तो माल तपासायला निघतो. मंगळवारी दुपारी मला बालवाडीतल्या रोशनीचा फोन आला. रोशनी तिथली तरुण शिक्षिका.

“दीदी, मामाजी सुबह से यहाँ बैठे हैं। खिडकीजवळ, बच्चों वाली कुर्सी पर। हातात घड्याळ आणि कॉपी. बच्चे पूछ रहे हैं, ये चेकिंग वाले दादाजी कब जाएँगे?”

“मामी काय म्हणतात?”

“कुछ नहीं। बोलीं, बैठने दो, पंखे के जैसे समझो।”

मामा बुधवारी गेले. गुरुवारीही गेले. गुरुवारी दुपारी बालवाडीतून निघाले ते घरी न जाता थेट शहरातल्या गोरखपूर मोहल्ल्यात माझ्याकडे आले, सोफ्यावर बसले, पाणी प्यायले आणि ती वही उघडून वाचायला लागले. नऊ वाजता सव्वीस मुलं. सव्वीसांचे बूट. अकरा नाकं. एक मूल कपाटाखाली शिरलं, ते काढायला मामी जमिनीवर आडव्या झाल्या. दोन चड्ड्या ओल्या. मग अकरा वाजून दहा मिनिटांनी मामी सामानाच्या खोलीत गेल्या. मामा दाराच्या फटीतून पाहत होते. तिथे एक पत्र्याची पेटी आहे. त्यावर मामी बसल्या, उजवा पाय सरळ केला, दोन्ही हातांनी गुडघा दाबला आणि डोळे मिटले. चार मिनिटं. बाहेरून कोणीतरी ‘बाई’ म्हणून भोकाड पसरलं तशा उठल्या.

“तीन दिवस पाहिलं,” मामा म्हणाले. “तिन्ही दिवस तेच. मी ड्यूटीवरून यायचो संध्याकाळी, तेव्हा तिचा चेहरा धुतलेला, केस विंचरलेले. मला वाटायचं, हिला काही होतच नाही. रिटायर झाल्यावर तर ती येते तेव्हा मी झोपलेला असतो.”

मी चहा ठेवायला उठले. पाठीमागून त्यांचा आवाज आला.

“न तपासता पास केलं मी, प्रणोती. चौतीस वर्षांत एक नट असा नाही सोडला. आणि हिला...” मला फार वाईट वाटलं त्यांचं. त्याहून जास्त माझं, कारण शब्दाचा अर्थ सांगणारी मी होते. शब्द, उच्चार, वाक्यातला उपयोग, सगळं मी तपासलं होतं. ज्या बाईला तो लावायचा तिच्याकडे मात्र आम्ही दोघांनीही वळून पाहिलं नव्हतं.

मग दुसरा शब्द शोधायला आम्ही बसलो. मी ‘रेझिलियंट’ म्हटलं, म्हणजे पडली तरी पुन्हा उभी राहणारी. मामांनी लगेच पुष्पाताईंवर घालून पाहिला, बसला, रद्द. मी ‘स्टोइक’ म्हटलं, म्हणजे सुखदुःख चेहऱ्यावर न दाखवणारी. मामांनी मला गॅस सिलिंडर उशिरा आणणाऱ्याला मामींनी मागच्या महिन्यात दिलेलं भाषण ऐकवलं. तोही रद्द. ‘स्टेडफास्ट’, म्हणजे न डगमगणारी, हा त्यांना स्टुलाच्या पायासाठी बरा वाटला. असं करता करता तीस तारीख आली. डिक्शनरीत ठिपकेच ठिपके झाले.

तीस तारखेच्या रात्री जेवताना मामांनी सांगून टाकलं, “तो शब्द नाही वाचणार.”

“मग कोणता?” मामींनी विचारलं.

“नाही मिळाला.”

“बरं,” मामी म्हणाल्या. विश्वास ठेवला की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही.

समारंभाला हॉल भरला होता. जुनी मुलं आली होती, काहींना मिशा होत्या, काहींच्या कडेवर पोरं. स्टेजवर मामींसाठी हार घातलेली खुर्ची ठेवली होती आणि ती रिकामी होती. मामी शेवटच्या रांगेत, दाराला लागून असलेल्या खुर्चीवर बसल्या होत्या, पर्स मांडीवर. पुष्पाताई दोनदा बोलवायला आल्या. मामी म्हणाल्या, “आधी पत्र वाचू द्या.” मी त्यांच्या शेजारी बसले. मला कळत होतं, तो एक शब्द स्पीकरवर आला तर ही बाई उठून सरळ रस्त्यावर जाणार आणि ऑटो करणार.

मामा माइकसमोर आले. कोट घातला होता. आधी नाव, गाव, किती वर्षं सेवा, हे सगळं वाचलं. मग थांबले. लोकांना ठाऊक होतं की आता येणार. तिसऱ्या रांगेतून धनेशभाऊ ओरडले, “भोयरजी, शब्द! शब्द तो बताइए!”

“शब्द नहीं है,” मामा म्हणाले.

हॉलमध्ये कुजबुज झाली. मामांनी कागद जवळ धरला आणि मराठीत वाचायला लागले. ते घरात बोलतात तसं, काही न सजवता.

“मी एक शब्द आणला होता. त्याचा अर्थ, न थकणारी. तो चुकीचा निघाला. मी तीन दिवस बालवाडीत बसून पाहिलं. अनसूया थकते. सव्वीस मुलांचे बूट काढून थकते. अकरा वाजून दहा मिनिटांनी सामानाच्या खोलीत पेटीवर जाऊन बसते, गुडघा दाबते. चार मिनिटं. मग कोणी रडलं की उठते. एकोणतीस वर्षं ती अशी उठत आली आणि घरात कोणाला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. यासाठी इंग्रजीत शब्द असेल, मला नाही सापडला. म्हणून जे पाहिलं ते लिहून आणलं.”

मला पुढचं नीट दिसेना. मी रुमाल शोधत होते, तेवढ्यात शेजारून आवाज आला, बालवाडीतला, भिंतीपलीकडे ऐकू जाणारा.

“चार नाही हो. दहा.”

सगळ्या माना मागे वळल्या. मामी बसल्या जागेवरून बोलत होत्या. “दहा मिनिटं बसते मी रोज. तुम्ही तिथे येऊन बसले होते म्हणून चारच मिनिटं बसले.”

हॉल खो-खो हसला. धनेशभाऊ तर उभे राहून हसले. मामा हसले नाहीत. त्यांनी खिशातून पेन काढलं, कागद माइकच्या टेबलावर ठेवला, चार खोडून दहा केले आणि शेजारी लहानशी सही केली.

मामींनी पर्स माझ्या मांडीवर ठेवली आणि त्या उठल्या. एरवी त्या भराभर चालतात, आपल्याला मागे पळावं लागतं. त्या दिवशी अर्ध्या हॉलपर्यंत गेल्या, मधल्या रांगेतल्या एका खुर्चीची पाठ धरली आणि सगळ्यांच्या देखत थांबून गुडघा चोळला. कोणी घाई केली नाही. मामा कागद हातात धरून उभे होते. मग मामी स्टेजकडे गेल्या.